सोळा लाखांची गाडी, सत्तर लाखांचे पार्ट

पुण्या-मुंबईच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात अशी जाहिरात आज हमखास दिसते : २०१४ ची जर्मन एसयूव्ही, डिझेल, टॉप मॉडेल, ६५ हजार किलोमीटर, सनरूफ, लेदर सीट, किंमत १६ लाख, समोरासमोर बसल्यावर थोडं कमी होईल. १६ लाखांत शोरूममधून नवी गाडी घ्यायला गेलं तर मधल्या व्हेरियंटची क्रेटा किंवा सेल्टॉस येते. आणि इथे तेवढ्याच पैशांत तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, चारही चाकांना ताकद, हवेवर चालणारं सस्पेन्शन आणि नाकावर तारा किंवा चार कड्या. मोह पडणारच, आणि तो पडण्यात काही गैर नाही. या गाड्या खरोखर उत्तम बांधलेल्या असतात. सहा माणसं आणि सगळं सामान घेऊन दिवसभर गाडी हाकली तरी संध्याकाळी चालवणाऱ्याची पाठ कुरकुरत नाही.

अडचण आहे ती हिशेबाची. तिसऱ्या पिढीची बीएमडब्ल्यू एक्स ५ २०१४ मध्ये भारतात आली, तेव्हा तिची शोरूम किंमत ७० लाखांच्या वर होती. त्याच्या आदल्या वर्षी आलेली मर्सिडीज जीएल ७७ लाखांच्या घरात होती. दहा-बारा वर्षांत गाडीची किंमत चौथ्या-पाचव्या हिश्शावर येते. तिच्या हेडलाइटची, गिअरबॉक्सची, सस्पेन्शनची किंमत मात्र जिथे होती तिथेच राहते, नव्हे वाढते. २०१४ मध्ये युरो ८० रुपयांच्या आसपास होता, आता तो शंभरीच्या पुढे आहे. म्हणजे जर्मनीत पार्टची किंमत एका सेंटनेही वाढली नसती, तरी आपल्याकडे तो पाव पटीने महागला असता. गाडी तुम्ही १६ लाखांना घेतलीत हे सर्व्हिस सेंटरच्या संगणकाला ठाऊक नसतं. त्याच्या लेखी ती ७० लाखांचीच गाडी असते.

‘पण या गाड्या तर इथेच बनतात ना?’ असं अनेक जण विचारतात. मर्सिडीज चाकणला तयार होते, ऑडी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला, लँड रोव्हरची काही मॉडेलं पुण्यात चिखलीला, बीएमडब्ल्यू चेन्नईजवळ. पण ‘तयार होते’ याचा इथला अर्थ बहुतांशी ‘जुळवली जाते’ असा आहे. पूर्ण गाडीवरचं भरमसाट आयात शुल्क वाचावं म्हणून भागांचे संच आणून गाडी इथे उभी करतात. त्यामुळे नव्या गाडीची किंमत आटोक्यात राहते. सुटा पार्ट मात्र बहुतेक वेळा परदेशातूनच येतो. त्यावर आयात शुल्क, वाहतूक आणि १८ टक्के जीएसटी लागतो. एखादा पार्ट स्टॉकमध्ये नसेल तर तो येईपर्यंत गाडी दोन-तीन आठवडे उभी, हेही धरून चालावं लागतं.

या बाजारात दिल्ली पासिंगच्या गाड्या एवढ्या का असतात, तेही समजून घ्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने अशा मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असा अंतरिम आदेश दिला, पण तोवर दहा वर्षं हजारो धडधाकट डिझेल गाड्या पडेल भावाने बाहेरच्या राज्यांत गेल्या होत्या. त्या गाड्या वाईट असतात असं मुळीच नाही. मात्र एमएच नंबर घेताना महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो. नव्या डिझेल गाडीला २० लाखांच्या वर हा दर १५ टक्के आहे, कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. जुन्या गाडीला वयानुसार सूट मिळते, पण हिशेब सुरू होतो तो मूळ किमतीपासून, तुम्ही दिलेल्या १६ लाखांपासून नव्हे. दिल्लीची ‘स्वस्त’ गाडी घेण्याआधी आरटीओत टॅक्सचा आकडा काढून घ्या. मूळ आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ आणि बँकेचा बोजा उतरल्याचं पत्र हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

आता खुद्द गाडीकडे वळू. पहिलं नाव एअर सस्पेन्शनचं, कारण दहा वर्षांच्या गाडीत ते त्रास देणार हे जवळपास ठरलेलंच असतं. साध्या गाडीत चाकावर लोखंडी स्प्रिंग असते. इथे तिच्या जागी रबराचा हवाबंद फुगा असतो. गॅरेजमध्ये त्याला बेलो म्हणतात, कुणी एअर बलून म्हणतं. एक छोटा विजेवर चालणारा कॉम्प्रेसर हवा भरतो, व्हॉल्व्हचा ठोकळा ती कुठल्या चाकाला किती द्यायची ते ठरवतो आणि प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर गाडीची उंची मोजत राहतो. हायवेवर गाडी आपोआप थोडी खाली बसते, खराब रस्त्यावर बटण दाबलं की वर उठते. मर्सिडीज जीएल आणि लँड रोव्हर डिस्कव्हरी ४ मध्ये हे चारही चाकांना असतं, ऑडी क्यू ७ च्या बऱ्याच गाड्यांतही. एक्स ५ मध्ये जिथे ते आहे तिथे बहुधा फक्त मागच्या दोन चाकांना असतं, आणि म्हणून तिचा खर्चही निम्मा होतो.

रबर दहा वर्षांत कडक होतं. घडी जिथे पडते तिथे बारीक चिरा जातात आणि हवा हळूहळू निसटू लागते. सुरुवातीला काहीच कळत नाही, कारण जेवढी हवा गेली तेवढी कॉम्प्रेसर भरून देतो. सोसायटीची वरची टाकी गळत असावी आणि पंप रात्रंदिवस चालू राहून एक दिवस जळावा, तसं इथे होतं. थोड्या वेळापुरता चालण्यासाठी बनवलेला कॉम्प्रेसर तासन् तास चालतो आणि बसतो. मग मालक फक्त कॉम्प्रेसर बदलतो, गळका बेलो तसाच ठेवतो आणि सहा महिन्यांत नवा कॉम्प्रेसरही जातो. एकाच्या जागी दोन खर्च होतात ते असे. रोग बेलोचा आहे, कॉम्प्रेसर त्याचा बळी आहे, एवढं लक्षात ठेवलं तर बरेच पैसे वाचतात.

हे तपासायला कसलंही यंत्र लागत नाही. गाडी सपाट जागेवर रात्रभर उभी ठेवायची आणि सकाळी चालू करण्याआधी चारही चाकांवरची फटीची उंची बघायची. एक कोपरा दोन बोटं खाली बसला असेल तर तिथला बेलो गेला. चारही कोपरे सारखेच खाली आले असतील तर संशय व्हॉल्व्हच्या ठोकळ्यावर घ्यायचा. मेकॅनिक साबणाचं पाणी फवारतो, जिथे बुडबुडे येतात तिथे गळती. विकणारा ग्राहक यायच्या अर्धा तास आधी गाडी चालू करून ठेवतो, त्यामुळे संध्याकाळच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये हे कधीच दिसत नाही.

खर्च किती? पुढच्या चाकाचा शॉकअपसकट पूर्ण एअर स्ट्रट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये लाखाच्या आसपास जातो, काही मॉडेलांत त्याहून बराच वर. बाहेरच्या चांगल्या बनावटीचा साधारण त्याच्या निम्म्यात येतो. कॉम्प्रेसर ५० हजारांपासून लाखापर्यंत. पार्टच्या किमती शहरागणिक आणि मॉडेलगणिक बदलतात, त्यामुळे इथे आणि पुढे दिलेले आकडे अंदाजाचे समजा. पण चारही बाजू करायच्या झाल्या तर दोन-तीन लाखांखाली सुटका नाही, हे नक्की. काही जण हे सगळं काढून लोखंडी स्प्रिंग बसवतात. गाडी चालते, पण उंची बदलत नाही, डॅशबोर्डवर इशारे येऊ नयेत म्हणून सॉफ्टवेअरशी खेळावं लागतं आणि गाडीची मूळची चाल हरवते. मला हा उपाय पटत नाही. ज्याला एअर सस्पेन्शन नको, त्याने मुळात ते नसलेली गाडी शोधावी.

दुसरी गोष्ट इंजिनाची, आणि ती नीट समजण्यासाठी एक छोटा रबरी सील जवळून बघू. मर्सिडीजचं ओएम ६४२ हे तीन लिटरचं व्ही ६ डिझेल इंजिन २००५ पासून एमएल, जीएल, ई क्लास अशा किती तरी गाड्यांत बसलं. अतिशय दणकट इंजिन. पण त्याचा ऑइल कूलर, म्हणजे तेल थंड करणारा भाग, दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांमधल्या खोलगट जागेत, अगदी मध्यभागी बसवलेला आहे. त्याच्याखालचे मूळचे नारिंगी सील उष्णतेने कडक होतात आणि तेल झिरपू लागतं. ते त्या खोलगट भागात साचतं आणि मागच्या बाजूने, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथून, खाली टपकतं. खालून बघणाऱ्या अनेक मेकॅनिकना वाटतं की क्रँकचा मागचा सील गेला. मग गिअरबॉक्स उतरवला जातो, तो सील बदलला जातो आणि आठ दिवसांनी पुन्हा थेंब दिसतो. कंपनीने नंतर जास्त उष्णता सोसणारे जांभळे सील आणले. ते काही हजारांत मिळतात. पण तिथवर पोचायला टर्बो, इनटेक मॅनिफोल्ड आणि त्यावरचं सगळं उतरवावं लागतं. पार्ट काही हजारांचा, मजुरी त्याच्या अनेक पट, आणि गाडी दोन-तीन दिवस लिफ्टवर.

या गाड्यांच्या बिलाचं गणित इथे कळतं. आधी बसवायचं, नंतर काढायचं कसं ते बघू, अशा दाटीने इंजिनकक्ष भरलेला असतो. जे उघडावं लागतं त्याचेच पैसे जातात. म्हणून शहाणा मालक एकदा उघडल्यावर तिथलं सगळं करून घेतो. ऑइल कूलर करताना टर्बोचे पाइप, इनटेकचे गॅस्केट, तिथल्या झडपा हलवणारी छोटी मोटर हे सगळं तपासायचं. ती मोटर याच इंजिनात टर्बोच्या तोंडाशी झिरपणाऱ्या तेलाने खराब होते, हेही ओळखीचं दुखणं आहे.

ऑडीचं तीन लिटरचं टीडीआय आणि बीएमडब्ल्यूचं एन ५७ या दोन्ही डिझेल इंजिनांत टायमिंग चेन पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेन आयुष्यभर टिकेल असं गृहीत धरून ती तिथे बसवली. बहुतेकांची टिकतेही. पण तेल बदलायला उशीर करत गेलेल्या गाडीत चेन ताणून धरणारे टेन्शनर सैल होतात आणि सकाळी पहिल्यांदा चालू करताना दोन-तीन सेकंद साखळी घासल्यासारखा खडखडाट येतो. तो आला म्हणजे इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवण्याची वेळ आली. हे काम दोन-तीन लाखांच्या घरातलं आहे. दुर्लक्ष केलं आणि चेन घसरली, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. मग इंजिनाचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर जाऊ शकतो.

लँड रोव्हरबद्दल थोडं वेगळं बोलावं लागेल, कारण २००८ मध्ये टाटा मोटर्सने ती कंपनी घेतल्यापासून तिच्याविषयी आपल्याकडे आपुलकी आहे. डिस्कव्हरी आणि रेंज रोव्हर स्पोर्टमधल्या २.७ आणि ३.० लिटरच्या व्ही ६ डिझेल इंजिनांत क्रँकशाफ्टचं बेअरिंग फिरण्याचे आणि क्रँकच तुटण्याचे प्रकार जगभर नोंदले गेले आहेत. सूचना न देता इंजिन बंद पडतं आणि ते दुरुस्त होत नाही, बदलावंच लागतं. याच इंजिनांना पुढे टायमिंग बेल्ट आणि मागे डिझेल पंपाचा वेगळा बेल्ट आहे. दोन्ही किलोमीटरवर आणि वर्षांवरही बदलावे लागतात. डिस्कव्हरीत टर्बोपर्यंत पोचायला अनेक गॅरेजं गाडीची बॉडीच चासीवरून उचलतात. माणसाला ही गाडी मनापासून आवडत असेल, संपूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड असेल आणि इंजिनाचा खर्च सोसण्याची तयारी असेल, तरच घ्यावी. ‘स्वस्तात मिळतेय म्हणून’ घेऊ नये.

बीएमडब्ल्यूच्या व्ही ८ पेट्रोल एक्स ५ विषयीही माझं मत तेच. तिच्यात दोन्ही टर्बो सिलिंडरांच्या मधोमध बसवले आहेत. तिथे इतकी उष्णता साचते की आसपासचं रबर आणि प्लॅस्टिक लवकर म्हातारं होतं, तेल जळू लागतं. सहा सिलिंडरच्या डिझेलपेक्षा ती स्वस्त मिळते ती यामुळे.

गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल एक गैरसमज मुळातून खोडायला हवा. ‘लाइफटाइम ऑइल आहे, बदलावं लागत नाही,’ असं विकणारा सांगतो, आणि गाडीच्या कंपन्यांनीही वर्षानुवर्षं तसंच सांगितलं. पण बीएमडब्ल्यू आणि लँड रोव्हरला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते. ज्याने गिअरबॉक्स बनवला त्याचं ऐकावं. तेल, फिल्टर आणि फिल्टरसकट येणारी खालची प्लॅस्टिकची ट्रे मिळून हे काम ३० ते ५० हजारांत होतं. गिअरबॉक्स खोलायची वेळ आली तर दोन लाखांपासून पुढे. जुन्या मालकाच्या फाइलमध्ये हे तेल बदलल्याची पावती दिसली, तर त्या माणसाने गाडी मनापासून सांभाळली असं मी समजतो. चकचकीत पॉलिशपेक्षा मला ती पावती जास्त सांगते.

टायरचं नातं तर थेट चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसशी आहे. पुढचे दोन टायर नवे आणि मागचे झिजलेले असतील तर चाकांचा घेर वेगळा होतो. पुढच्या आणि मागच्या शाफ्टचा वेग जुळत नाही आणि तो फरक ट्रान्स्फर केसमधल्या क्लचच्या पट्ट्या घासून भरून काढतात. एक्स ५ मध्ये हळू वळताना गाडी अडखळल्यासारखी, झटके देत चालू लागली तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी. कधी फक्त तेल बदलून भागतं, कधी वरच्या मोटरमधला प्लॅस्टिकचा गिअर झिजलेला असतो आणि तो थोडक्यात होतो. पूर्ण ट्रान्स्फर केस मात्र दीड लाखाच्या पुढे. वीस इंची चांगला टायर २५ ते ४० हजारांचा असल्यामुळे मालक दोन-दोन करून टायर बदलतो किंवा वेगवेगळ्या कंपन्यांचे बसवतो. म्हणून बघायला गेल्यावर चारही टायर एकाच कंपनीचे आणि सारखेच झिजलेले आहेत का ते पाहा. टायरच्या कडेवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. ‘३५१९’ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी असा टायर आता बदलायचाच आहे.

कूलंटचे पाइप, थर्मोस्टॅटचं आवरण, पाण्याचा पंप यांत युरोपीय कंपन्या प्लॅस्टिक मुबलक वापरतात. आपल्या उन्हात आणि ट्रॅफिकमध्ये ते ठिसूळ होतं. दहा वर्षांच्या गाडीत हे सगळं एकदाच बदलून टाकावं. कूलंट कमी होत असेल आणि खाली थेंब दिसत नसेल तर ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत फिरवलेला धूर थंड करणारा भाग, बघायला सांगा. बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांत याच कूलरमधून कूलंट गळून आग लागण्याचे प्रकार घडले. २०१८ मध्ये दक्षिण कोरियात एक लाखाहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि पुढे जगभर ही मोहीम पसरली. अधिकृत सर्व्हिस सेंटरला चासी नंबर दिला की त्या गाडीवर कुठलं रिकॉल बाकी आहे का ते कळतं. बाकी असेल तर ते काम फुकट होतं.

डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ जाळी भरल्यावर ती जाळून साफ करतो. त्यासाठी हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं सलग धावणं लागतं. हडपसर ते मगरपट्टा एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती संधी येत नाही, जाळी तुंबते. शिवाय या गाड्यांना कमी राख सोडणारं तेल लागतं. मर्सिडीजला २२९.५१, बीएमडब्ल्यूला एलएल-०४, ऑडीला ५०७.०० या मानकांचं. डब्यावर हा आकडा नसेल तर ते तेल टाकू देऊ नका, मग ते कितीही महागडं सिंथेटिक असो. ‘डीपीएफ काढून टाकू, सॉफ्टवेअरने बंद करू’ असं सुचवणारे भेटतील. आपल्याच गल्लीतल्या मुलांच्या नाकात ती काजळी सोडायची, यात कसली बचत?

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. मोठ्या सनरूफच्या कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या पानं आणि धुळीने तुंबतात. मग पाणी खांबांमागून आत, कार्पेटखाली जातं. वरून गालिचा कोरडा असतो, खालचा फोम महिनोन् महिने ओला. आणि याच गाड्यांत बॅटरी आणि कंट्रोल मॉड्यूल सीटखाली किंवा डिकीच्या तळाशी असतात. एका नळीत अडकलेल्या पानापायी लाखभराचा इलेक्ट्रिकल खर्च उभा राहतो. नळ्या साफ करणं अर्ध्या तासाचं काम आहे, दर मे महिन्यात करून घ्या. गाडी बघताना चारही कोपऱ्यांतला गालिचा जोरात दाबा, डिकीतलं स्टेपनीचं झाकण उचला. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आत मातीची रेघ किंवा सीटच्या रुळांवर गंज दिसला तर ती पुरातली गाडी आहे. चेन्नईचा २०१५ चा पूर असो की कोल्हापूर-सांगलीचा २०१९ चा, अशा गाड्या धुऊन-पुसून दूरच्या शहरांत विकल्या जाऊ शकतात.

विम्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही आणि सगळ्यात मोठा धक्का तिथेच बसतो. जुन्या गाडीला झिरो डेप्रिसिएशन सहसा मिळत नाही. साध्या पॉलिसीत रबर, प्लॅस्टिक, बॅटरी, टायर आणि एअरबॅग यांवर ५० टक्के घसारा कापतात. गाडी दहा वर्षांच्या वर असेल तर धातूच्या भागांवरही ५० टक्के. म्हणजे चार लाखांच्या बिलातले जवळपास दोन लाख तुमचे. आणि दुरुस्तीचा अंदाज विम्यातल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांपलीकडे गेला की कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ ठरवते. आयडीव्ही १४ लाख असेल तर ही रेषा साडेदहा लाखांवर येते. समोरून बऱ्यापैकी आदळली, दोन हेडलाइट, रेडिएटर, बंपर, बॉनेट आणि उघडलेल्या एअरबॅग जोडल्या की अधिकृत सर्व्हिस सेंटरचा अंदाज तिथवर सहज पोचतो. पावसात इंजिनात पाणी शिरलं तर इंजिन प्रोटेक्ट नसलेली पॉलिसी बहुधा हात वर करते.

खर्च आटोक्यात ठेवायचे रस्ते आहेत, आणि ते प्रामाणिक आहेत. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा ऑडी बरेचसे भाग स्वतः बनवत नाहीत. बॉश, माहले, कॉन्टिनेंटल, झेडएफ आणि तिचीच लेमफर्डर यांच्याकडून ते घेतात. तोच लोअर आर्म लेमफर्डरच्या डब्यात घेतला तर गाडीच्या कंपनीच्या डब्यातल्यापेक्षा बराच स्वस्त पडतो. पुण्या-मुंबईत याच ब्रँडवर काम करणारी स्वतंत्र गॅरेजं आता चांगली तयार झाली आहेत. गॅरेज निवडताना एकच प्रश्न विचारा : तुमच्याकडे कुठला स्कॅनर आहे? मर्सिडीजसाठी झेंट्री, बीएमडब्ल्यूसाठी इस्टा, ऑडीसाठी ओडिस किंवा व्हीसीडीएस असेल तर पुढचं बोला. सगळ्या गाड्यांना चालणारा एकच चिनी स्कॅनर दाखवला तर नमस्कार करून निघा. हेडलाइट, आरसे, दरवाजे यांसाठी कुर्ल्याचा जुन्या पार्टचा बाजार कामाला येतो. पण बेलो, ब्रेक किंवा एअरबॅग तिथून कधीही घेऊ नये.

माझा हिशेब असा आहे. गाडीच्या किमतीच्या पाव हिश्शाइतकी रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळी काढून ठेवता येत असेल, म्हणजे १६ लाखांच्या गाडीसाठी हातात २० लाख असतील, तरच या वाटेला जावं. त्यानंतर दरवर्षी दीड-दोन लाख धरावेत. कर्ज काढून, ताणून १६ लाख जमवणाऱ्याने नवी क्रेटाच घ्यावी, त्यात कमीपणा नाही. पैसे असतील तर पहिली पसंती मी सहा सिलिंडरच्या डिझेल एक्स ५ ला देईन, मग ऑइल कूलर झालेल्या एमएलला. दहा वर्षांत ४० हजार चाललेल्या पण कागद नसलेल्या गाडीपेक्षा सव्वा लाख चाललेली आणि प्रत्येक पावती जपलेली गाडी केव्हाही बरी. मीटरचं रीडिंग मागे घेतलं तरी ते गाडीच्या एकाहून अधिक मॉड्यूलांत नोंदलेलं राहतं आणि चांगल्या स्कॅनरवर फरक दिसू शकतो. स्टिअरिंग गुळगुळीत, ब्रेकच्या पेडलचं रबर झिजलेलं आणि मीटर ५० हजारांवर, असं असेल तर मीटरवर विश्वास ठेवू नका.

आणि एक विनंती. गाडी कितीही आवडली, विकणारा कितीही ओळखीचा असला, तरी टोकन देण्याआधी पाच-दहा हजार खर्चून स्वतंत्र गॅरेजमध्ये पूर्ण तपासणी करून घ्या. सकाळी थंड इंजिन स्वतः चालू करा, गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा, स्कॅनरचा कागद हातात घ्या. विकणारा याला तयार नसेल तर टोकन देऊ नका.